को जागर्ति? : बंद लॅपटॉपच्या रात्रपाळीचा शोध

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी घरोघर फिरते आणि 'को जागर्ति?', म्हणजे 'कोण जागं आहे?' असं विचारते, अशी आपल्याकडची समजूत आहे. गेल्या वर्षी हाच प्रश्न मी एका वेगळ्याच ठिकाणी विचारत होते. रात्री पूर्ण चार्ज करून, रीतसर बंद करून, चार्जर काढून ठेवलेला माझा लॅपटॉप सकाळी उघडला की बॅटरी ९२ टक्क्यांवर आलेली असे. आठवडाभर न उघडता ठेवला तर तो सुरूच होत नसे. बंद यंत्र वीज खात होतं. म्हणजे त्यात कोणीतरी जागं होतं. ते कोण, याचा हा शोध आहे.

माझं काम वीरगळ आणि शिलालेखांचं. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या गावांत जायचं, दगडांची छायाचित्रं घ्यायची, मापं लिहायची आणि रात्री ते सगळं लॅपटॉपवर उतरवायचं. देवळाच्या आवारात विजेचं बटण असेलच असं नाही. त्यामुळे आठ टक्के हा माझ्या दृष्टीने नुसता आकडा नव्हता; ते वीस-पंचवीस मिनिटांचं काम होतं. संगणकाचं शिक्षण मी कुठल्या वर्गात घेतलेलं नाही. लागेल तसं वाचत, विचारत, पडताळत शिकले. या लेखातही तीच पद्धत आहे. ज्यांना पारिभाषिक शब्दांची धास्ती वाटते, त्यांनीही तो न बिचकता वाचावा.

घागर फुटकी, की कोणी पाणी पितंय?

तालुक्याच्या गावी लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याने यंत्र हातात घेऊन दोन मिनिटांत निदान केलं. "मॅडम, बॅटरी गेलीये. नवीन टाका. साडेचार हजार होतील." बहुतेक ठिकाणी हेच उत्तर मिळतं आणि ते कधीकधी बरोबरही असतं. पण घागरीतलं पाणी रात्रीत कमी झालं, तर त्याची दोन कारणं असू शकतात. एक, घागर पाझरते. दोन, रात्री कोणीतरी उठून पाणी पितं. नवी घागर आणल्याने पहिला प्रश्न सुटतो, दुसरा सुटत नाही. म्हणून आधी हिशेब मांडायला हवा.

विंडोज असलेल्या लॅपटॉपमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत 'पॉवरसीएफजी' हा शब्द इंग्रजीत लिहायचा, एक जागा सोडायची, तिरकी रेघ द्यायची आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' लिहायचं. यंत्र एक पान तयार करून देतं. त्यात बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावर मावणारी वीज, असे दोन आकडे असतात. माझ्या बॅटरीचे आकडे होते ४५ वॅट-तास आणि ३८ वॅट-तास. म्हणजे घागर जुनी होऊन थोडी लहान झाली होती. मूळच्या ८४ टक्के पाणी तिच्यात मावत होतं. पण लहान होणं वेगळं आणि पाझरणं वेगळं. हे दोन दोष सर्रास एकच मानले जातात आणि निदानातली पहिली चूक तिथेच होते.

आता पाझर किती असू शकतो ते पाहू. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ साली, सोनी कंपनीने आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तिच्या आधीच्या निकेलच्या बॅटऱ्या नुसत्या ठेवल्या तरी भराभर उतरत. लिथियम-आयनचा मोठा गुण म्हणजे ती फार कमी पाझरते. चांगली बॅटरी थंड जागी, कशालाही न जोडता ठेवली तर महिन्याला एक-दोन टक्के उतरते. तिच्याच पोटातल्या संरक्षक सर्किटचा खर्च धरला तर तीनच्या आसपास. उन्हाळ्यात हे प्रमाण वाढतं, पण महिन्याचा हिशेब एका रात्रीवर येत नाही.

३८ वॅट-तासांचे तीन टक्के म्हणजे १.१४ वॅट-तास. महिन्याच्या ७२० तासांनी भागलं तर उत्तर येतं सुमारे १.६ मिलिवॅट. हा झाला नैसर्गिक पाझर. माझा लॅपटॉप दहा तासांत आठ टक्के, म्हणजे तीन वॅट-तास गमावत होता. दहाने भागलं की ताशी खर्च ०.३ वॅट, अर्थात ३०० मिलिवॅट. नैसर्गिक पाझराच्या जवळजवळ १९० पट. बॅटरीच्या आत मोठा बिघाड झाला असेल तरच ती एकटी इतकं पाझरू शकते. आणि तसा बिघाड असेल तर ती बहुधा तापते, फुगते किंवा काम करताना अचानक ४० टक्क्यांवरून शून्यावर येते. यातलं काही होत नव्हतं. म्हणजे संशय पाणी पिणाऱ्यावर जात होता.

'बंद' या शब्दाचं काय झालं?

पाणी पिणारा शोधण्याआधी 'बंद' म्हणजे काय, हे पाहावं लागेल. या शब्दाचा अर्थ गेल्या चाळीस वर्षांत हळूहळू बदलला आणि ते फारसं कोणाच्या लक्षात आलं नाही.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरला बाजूला एक ठसठशीत लाल बटण होतं. ते खाली पाडलं की खटका तुटत असे आणि विजेची वाटच बंद होई. आपल्या भिंतीवरच्या दिव्याच्या बटणासारखा हा प्रकार. नंतरची कित्येक वर्षं हेच चाललं. ज्यांनी विंडोज ९५ वापरलं आहे त्यांना आठवत असेल: 'शट डाउन' केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत एक सूचना येत असे, की आता संगणक बंद करायला हरकत नाही. म्हणजे आवराआवर करायचं काम यंत्राचं आणि वीज तोडायचं काम माणसाचं. शेवटचा अधिकार आपल्या बोटाकडे होता.

ही सूचना दिसेनाशी झाली, त्यामागे दोन गोष्टी आहेत. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही संगणकाच्या रचनेची नवी पद्धत आणली. तिच्यात समोरचं बटण विजेच्या वाटेवर राहिलंच नाही. ते फक्त मदरबोर्डला निरोप देऊ लागलं आणि वीज तोडायची की नाही, हे बोर्ड ठरवू लागला. हा निरोप ऐकायला बोर्डाचा एक भाग कायम जागा हवा. म्हणून वीजपुरवठ्यातून पाच व्होल्टची एक स्वतंत्र, सदैव चालू राहणारी तार दिली गेली. डेस्कटॉप उघडला तर ही जांभळी तार आजही दिसते.

दुसरी गोष्ट डिसेंबर १९९६ची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या तिघांनी 'एसीपीआय' नावाची नियमावली प्रसिद्ध केली. यंत्राच्या जागेपणाच्या आणि झोपेच्या पायऱ्या तिने ठरवून दिल्या. पूर्ण जागं ते एस-०. साधी झोप ते एस-३. यात स्मृती तेवढी विजेवर जिवंत राहते. स्मृती डिस्कवर उतरवून घेतलेली गाढ झोप ते एस-४, म्हणजे 'हायबरनेट'. आणि आपण ज्याला शट डाउन म्हणतो ते एस-५. या पाचव्या पायरीचं नियमावलीतलं नाव आहे 'सॉफ्ट ऑफ'. तिच्याही पलीकडे आणखी एक अवस्था आहे, जी-३, 'मेकॅनिकल ऑफ'. वीज खरोखर तुटलेली, घड्याळाची बॅटरी तेवढी चालू. यंत्र खोलून हात घालायला सुरक्षित अशी अवस्था नियमावली जी-३ला म्हणते, एस-५ला नाही.

या एका फरकात माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी पाठीमागची खिट्टी सरकवून काढता येई, म्हणजे जी-३पर्यंत पोहोचायची वाट वापरणाऱ्याच्या हातात होती. गेल्या दहा-पंधरा वर्षांत लॅपटॉप पातळ झाले, बॅटरी आत गेली, खिट्टी गेली. आज बहुतेक लॅपटॉप मालकाला फक्त एस-५पर्यंत नेता येतात. बटण दाबणं ही विनंती आहे आणि ती कितपत मानायची, हे आतली मंडळी ठरवतात.

रात्रपाळीची मंडळी

मग आत कोण कोण जागं असतं? वाचलेल्या आणि तपासलेल्या माहितीवरून मी यादी केली.

पहिलं घड्याळ. सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा गारगोटीचा एक स्फटिक त्यात असतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात; पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद हाती येतो. हे घड्याळ इतकं मिताहारी असतं, की बटणाएवढ्या तीन व्होल्टच्या सेलवर काही वर्षं चालतं. काही नव्या लॅपटॉपांत हा वेगळा सेल नसतो, मुख्य बॅटरीच त्याला पोसते. तरी खर्च नगण्य. घड्याळ निर्दोष.

दुसरा पहारेकरी, 'एम्बेडेड कंट्रोलर'. हा एक छोटा स्वतंत्र संगणकच. बटण दाबलं का, झाकण उघडलं का, चार्जर जोडला का, यावर त्याचं लक्ष असतं. तो झोपला तर यंत्र सुरूच होणार नाही. त्याची भूक काही मिलिवॅट ते काही दशक मिलिवॅट. जागं राहायचा हक्क यालाच आहे.

तिसरं यूएसबीचं दार. काही लॅपटॉपांत यंत्र बंद असतानाही मोबाइल चार्ज करता यावा म्हणून एक दार कायम चालू ठेवतात. त्या दाराजवळ बहुधा बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह असतं. कधी त्याचा आतला रंग पिवळा किंवा लाल असतो. त्याला काही जोडलेलं नसलं, तरी पाच व्होल्ट तयार ठेवणारं सर्किट स्वतःपुरतं खात राहतं. त्यात बिनतारी माउसची खुंटी अडकवलेली असेल तर आणखी.

चौथं जाळ्याचं कार्ड. 'वेक ऑन लॅन' नावाची एक सोय आहे. कार्यालयातले शेकडो संगणक रात्री दुरून जागे करून त्यांच्यावर नवी प्रणाली चढवता यावी, म्हणून ती नव्वदच्या दशकात आली. त्यासाठी कार्ड ठरावीक नमुन्याच्या निरोपाची वाट पाहत रात्रभर बसून असतं. कार्यालयात भिंतीची वीज असते, तिथे हे ठीक. खेडोपाडी हिंडणाऱ्या लॅपटॉपला कोणी जाळ्यावरून उठवणार नसतं, पण बायोसमध्ये ही सोय चालू असेल तर कार्ड वाट पाहतच राहतं.

पाचवी संशयित विंडोज प्रणाली. २०१२च्या विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि ती बहुधा चालूच असते. शट डाउन केलं की आपली कामं बंद होतात, पण प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा उतरवून ठेवला जातो, म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. वाचकांना याचा पुरावा घरबसल्या पाहता येईल. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' खाली 'अप टाइम' पाहा. रोज रात्री बंद होणारा लॅपटॉप तिथे बारा-बारा दिवस सलग जागा असल्याचं सांगतो. हिशेबाने पाहिलं तर या अवस्थेत वीज लागायला नको. पण सुट्या भागांना झोपेचा निरोप नीट न पोहोचल्याने एखादा भाग अर्धवट जागा राहू शकतो.

सहावी गोष्ट खरं तर या यादीत यायला नको, पण पुष्कळांचा गोंधळ तिथेच होतो. झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे. आजच्या अनेक लॅपटॉपांत एस-३ची साधी झोपही उरलेली नाही. तिच्या जागी 'मॉडर्न स्टँडबाय' आहे. त्यात यंत्र मोबाइलसारखं डुलक्या घेत, मधूनमधून टपाल तपासत राहतं. पिशवीत मिटून ठेवलेला लॅपटॉप गरम लागला तर आधी इथे संशय घ्यावा.

रात्रीचे प्रयोग

झिजलेला शिलालेख वाचताना एकाच ठशावर विसंबत नाहीत. प्रकाशाची दिशा बदलून, पुन्हा ठसा घेऊन, तेच अक्षर पुन्हा दिसतं का ते पाहतात. इथेही मी एक वही केली आणि एकच नियम पाळला: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाला किमान दोन रात्री. रात्री दहाला १०० टक्के, चार्जर काढलेला, सकाळी आठला नोंद.

काहीही न बदलता पहिल्या तीन रात्री घट आली ८, ७, ८.

त्यानंतर घागरीचीच परीक्षा. काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती तोडून ठेवायची सोय असते. दुरुस्तीआधी वापरावी म्हणून ती दिलेली असते आणि चार्जर जोडला की बॅटरी पुन्हा जोडली जाते. माझ्या यंत्रात ती होती. दोन रात्री बॅटरी तोडून ठेवली. घट ० आणि ०. बॅटरी पाझरत नव्हती. साडेचार हजार रुपयांचा प्रश्न या दोन रात्रींत सुटला. ज्यांच्या यंत्रात ही सोय नाही, त्यांना हाच प्रयोग जाणकाराकडून पाठ खोलून, बॅटरीची जोडणी काढून करता येईल.

पुढे प्रणालीची पाळी. शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन केलं की त्या वेळेपुरता फास्ट स्टार्टअप टळतो आणि यंत्र पूर्ण बंद होतं. घट ८, ७. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून तिथून यंत्र बंद केलं आणि पेन ड्राइव्ह काढून घेतला. घट ८, ८. प्रणाली बदलूनही घट तीच राहते, तर माझ्या यंत्रापुरती विंडोज निर्दोष. भूक यंत्राच्या खालच्या थरात होती.

मग यूएसबी. बायोसमध्ये बंद असतानाही दार चालू ठेवण्याची सोय सापडली, ती बंद केली. घट ३, ३. एकट्या या दाराने रात्रीला पाच टक्के, म्हणजे जवळपास ०.१९ वॅट नेले होते. मी बंद लॅपटॉपवर मोबाइल कधीच चार्ज करत नव्हते, पण कारखान्यातून येताना सोय चालू होती.

शेवटी वेक ऑन लॅन बंद केलं. घट १, ०.

आता रात्रीची घट मोजता येण्याइतकी उरली नव्हती, म्हणून सात दिवस यंत्राला हातच लावला नाही. घट ६ टक्के. म्हणजे २.२८ वॅट-तास भागिले १६८ तास. जवळपास १४ मिलिवॅट. घड्याळ, पहारेकरी आणि बॅटरीचा स्वतःचा पाझर यांच्या वाट्याला एवढं यायलाच हवं. आधीच्या तुलनेत हा खर्च बावीसपट कमी होता. खर्च आला शून्य रुपये आणि वहीची चार पानं.

ज्यांची घट इतकं करूनही थांबत नाही, त्यांच्यासाठी आणखी दोन पायऱ्या आहेत. चार्जर काढून बंद यंत्राचं पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरावं. पहारेकऱ्याचा कारभार अडकला असेल तर तो बहुधा नव्याने सुरू होतो. कंपनीने बायोसची नवी आवृत्ती दिली असेल तर तीही चढवावी. त्यानंतरही घट राहिली, तर बोर्डावरचा एखादा भाग झिरपत असण्याची शक्यता असते. कोकणासारख्या दमट हवेत गंज हेही कारण होऊ शकतं. असा दोष डीसी पॉवर सप्लाय असलेला दुरुस्तीवाला शोधू शकतो. बंद बोर्ड किती करंट ओढतो, हे त्याला थेट दिसतं. त्याच्याकडे जाताना 'बॅटरी उतरते' एवढंच न सांगता 'बंद असताना दहा तासांत इतके टक्के, आणि बॅटरी तोडल्यावर शून्य' असं सांगावं. निदान लवकर होतं आणि नको तो भाग गळ्यात पडत नाही.

एक सावधगिरी टक्क्यांबद्दल. बॅटरीत किती वीज आहे हे घागरीसारखं डोकावून पाहता येत नाही. बॅटरीतली एक चिप आत-बाहेर गेलेल्या करंटची बेरीज-वजाबाकी करून अंदाज बांधते. अगदी बारीक करंट तिच्या नजरेतून सुटू शकतो. म्हणून एका रात्रीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. सरासरी घ्यावी, आणि शक्यतो अहवालातले वॅट-तास पाहावेत.

अर्धा वॅट कोणाच्या मोजपट्टीवर?

बंद उपकरणांच्या या छुप्या भुकेकडे जगाचं लक्ष नव्वदच्या दशकातच गेलं होतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेचे ॲलन मायर यांनी १९९८ साली सुचवलं, की कोणतंही उपकरण वाट पाहत असताना एक वॅटपेक्षा जास्त खाऊ नये. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने हा आग्रह उचलून धरला. २००१ साली अमेरिकी सरकारने आपल्या खरेदीला ही अट लावली. युरोपीय संघाने २००८ साली घरगुती आणि कार्यालयीन विद्युत उपकरणांसाठी नियम केला. बंद अवस्थेत २०१०पासून एक वॅट आणि २०१३पासून अर्धा वॅट, अशी मर्यादा आली. टीव्ही, संगणक, सेट-टॉप बॉक्स यांच्या विजेच्या बिलाचा विचार करता हे मोठंच काम होतं.

पण माझा ०.३ वॅट खाणारा लॅपटॉप या मोजपट्टीवर उत्तीर्ण झाला असता. भिंतीच्या विजेवर अर्धा वॅट म्हणजे काहीच नाही. ३८ वॅट-तासांच्या घागरीवर अर्धा वॅट म्हणजे तीन दिवसांत कोरडा ठणठणाट. नुकसान बिलाचं नाही, बॅटरीच्या आयुष्याचं आहे. रोज रात्री आठ टक्के म्हणजे वर्षाला २,९२० टक्के, अर्थात भरणं-रिकामं होणं याची २९ पूर्ण चक्रं. लॅपटॉपच्या बॅटरीचं आयुष्य साधारण ३०० ते ५०० चक्रं धरतात. त्यातली २९ दरवर्षी झोपेत जातात.

युरोपीय संघाच्या २०२३च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७पासून उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता यावी, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केलं. या चर्चांत भर असतो तो दुरुस्तीच्या खर्चावर, आणि तो रास्तच आहे. माझं म्हणणं त्याला जोडून एवढंच आहे, की बॅटरी काढता येणं म्हणजे यंत्र खरोखर बंद करता येणं. तो अधिकार खिट्टीबरोबर गेला आहे. तो परत येईपर्यंत बायोसमधल्या दोन-तीन नोंदी आपल्या हातात आहेत आणि त्या आपण तपासायला हव्यात.

मे महिन्याचं कपाट

हे सगळं एका माणसाच्या गैरसोयीपुरतं असतं, तर इतकं लिहिलं नसतं. माझी वही पुरी झाली त्या सुमारास एका गावातल्या शाळेचे शिक्षक भेटले. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला सात लॅपटॉप दिले होते. मे महिन्याच्या सुट्टीत ते पूर्ण चार्ज करून कपाटात कुलपात ठेवले होते. जूनच्या मध्यात शाळा उघडली तेव्हा सातपैकी चार सुरू होईनात. दोन चार्जर लावल्यावर उठले, दोन उठलेच नाहीत. "ताई, दिलेली वस्तू वर्षात बिघडली म्हणायची आणि पुन्हा कोणाकडे मागायची?" असं ते म्हणाले. हे त्यांना पैशापेक्षा जास्त लागलं होतं.

इथे हिशेब स्पष्ट आहे. ०.३ वॅट खाणारं, ३८ वॅट-तासांचं यंत्र पूर्ण भरून ठेवलं तरी पाच दिवसांत रिकामं होतं. सुट्टी पंचेचाळीस दिवसांची. रिकामं झाल्यावरही बारीक खर्च चालूच राहतो आणि सेलचा व्होल्टेज अडीचच्याही खाली जाऊ शकतो. तिथे आतलं तांबं विरघळू लागतं. संरक्षक सर्किट अशा सेलला पुन्हा चार्ज घेऊ देत नाही, आणि ते योग्यच असतं. बळजबरीने जागवलेला असा सेल धोकादायक ठरू शकतो. उलट १४ मिलिवॅट खाणारं यंत्र फक्त अर्धं भरून ठेवलं तरी ५८ दिवस टिकतं. म्हणजे सुट्टी संपून तेरा दिवस शिल्लक राहतात.

पुढच्या मे महिन्यात आम्ही उरलेल्या पाच आणि नव्या बॅटऱ्या घातलेल्या दोन, अशा सातही यंत्रांच्या बायोसमधल्या नोंदी तपासल्या. तीन यंत्रांत यूएसबीचं दार चालू होतं, चारांत वेक ऑन लॅन. सगळं बंद केलं. यूएसबीतल्या खुंट्या काढल्या. बॅटरी ५० ते ६० टक्क्यांवर आणून, पूर्ण शट डाउन करून यंत्रं ठेवली. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात जास्त झिजते आणि पूर्ण रिकामी मरते. पत्र्याच्या खोलीतलं कपाट सोडून आतल्या कौलारू खोलीतलं निवडलं, कारण उष्णतेने पाझरही वाढतो आणि झीजही. कपाटाच्या दारावर तारखांचा कागद चिकटवला आणि महिन्याने एकदा बघायचं काम शिपाईकाकांकडे दिलं. फुगलेली बॅटरी कशी ओळखायची, तेही त्यांना दाखवलं: टचपॅड वर येतो, झाकण नीट बसत नाही. असं यंत्र चार्जरला लावायचं नाही, दाबायचं नाही, आणि ती बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची.

जूनमध्ये सातही यंत्रं सुरू झाली. सगळ्यात कमी चार्ज होता २१ टक्के. कागद अजून त्या दारावर आहे. त्यावर शिक्षकांनी पुढच्या सुट्टीच्या तारखाही लिहून ठेवल्या आहेत.